पाटी खरवडताना

नगरपालिकेने पाटी टेम्पोतून पाठवली,
सोबत चिठ्ठी : हिरवा रंग जुनाच ठेवावा.
एल एक की दोन, ते मागाहून कळवू.
त्या एका एलवरून तीन बैठका झाल्या,
बर्कबेक तरातरा उठून गेला,
टोपी खुर्चीवरच राहिली.

तोवर मी खरवडतो आहे.
गरम हवेने रंग फुगतो, पापुद्रा सुटतो,
हिरव्याखाली मलईचा रंग,
त्यावर आस्केलबी, दोन एलचं, ऐटदार.
आम्ही गावातले म्हणतो नुसतं ॲस्बी.
मधली अक्षरं गिळलेली,
थंडीत तोंड फार उघडायला नको म्हणून.

शाळेत मिस ऑल्डरसन सांगायची :
समुद्रावरून ॲस्केटिल नावाचा एक माणूस आला,
कुऱ्हाड घेऊन आला, नांगर धरून बसला.
बी म्हणजे त्यांच्या बोलीत वस्ती, घरदार.
आपल्या नावामागे एवढी बी टाकून तो मेला.
ती उगवली.
बाकी त्याचं काही सापडत नाही.

चीजवाल्या जॉस फॉसेटला हे मान्य नाही.
मंगळवारच्या बाजारात तारेने चीज कापता कापता म्हणतो,
माणूस कसला? आस्क म्हणजे ॲशचं झाड,
केल म्हणजे झरा.
माझ्या आजोबांनी पाहिलंय ते झाड!
आजोबांनी पाहिलं ते त्या झाडाच्या
खापरपणतवंडाचं खापरपणतवंड असणार,
पण जॉसशी वाद कोण घालणार?
तो वजनावर एक तुकडा जास्त टाकतो.

नदीचं तर विचारूच नका.
तिच्या नावाचा अर्थ नुसता 'पाणी',
तोही अशा भाषेत,
जी बोलणाऱ्यांना डोंगरापलीकडे रेटलं गेलं.
जाताना ते पाणी ठेवून गेले
आणि मेंढ्या मोजायचे आकडे : यान, टान, टेथरा.
वीसपर्यंतच.
पुढे एक खडा खिशात टाकायचा
आणि पुन्हा यान.

मग राजाचा कारकून आला, दक्षिणेचा.
लोकांनी नाव सांगितलं,
त्याला ऐकू आलं ते त्याने लिहिलं.
एक गिरणी, सहा नांगर, बाकी ओसाड.
नाव चुकलं,
ओसाड मात्र त्याने बरोबर लिहिलं.
जाळणारा त्याचाच राजा होता.

पुढच्या कुठल्याशा राजाला पैशांची चणचण होती,
त्याने आम्हाला मंगळवार विकला.
तो अजून आमच्याकडे आहे.

मलईखाली काळा थर.
डांबरासारखा, ब्रशच्या घाईघाईच्या रेघा.
इथे माझा हात थांबला.

युद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात
गावोगावच्या पाट्या अशा पुसल्या होत्या,
शत्रू उतरलाच, तर त्याला कळू नये कुठे आलोय.
माझी आई, ॲनिस, तेव्हा आठ वर्षांची.
पुलावर एका ट्रकवाल्या सैनिकाने विचारलं,
पोरी, हे गाव कुठलं?
तिने ओठ घट्ट मिटले.
तो रात्रभर माळावर घिरट्या घालत राहिला.
आपलाच होता बिचारा, लीड्सचा.

आता ती खिडकीजवळच्या पलंगावर असते,
बाहेर चर्चचा मनोरा दिसतो.
रोज सकाळी नर्स विचारते,
ॲनिस, आपण कुठे आहोत, सांगता येईल?
आई तिच्याकडे बघते, दाराकडे बघते,
ओठ मिटून घेते.
नर्स कागदावर लिहिते : स्थळाचं भान नाही.

मी काल तिथेच होतो.
सांगू शकलो असतो नर्सला.
आईने माझा पंजा दाबला, जोरात,
मी पण गप्प बसलो.

आज पालिकेचा फोन आला. एकच एल.
बरं म्हटलं.
पाटीच्या मागच्या बाजूला
हातभर काळा मी तसाच ठेवतो आहे,
तिथे कुणी बघत नाही.